डावीकडचं तुणतुणं

वडवणीत हेडफोन घ्यायला माणसाला चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो. स्टँडसमोरच्या उत्तरेश्वरच्या दुकानात जायचं, दोरीला टांगलेल्यांपैकी एकाकडं बोट दाखवायचं, रंग पसंत पडला की कानात घालून बाहेर पडायचं. महिन्याभरात एक बाजू बंद पडली की परत जायचं, उत्तरेश्वरच्या बापाचा उद्धार करायचा आणि दुसरं घ्यायचं. एवढा सरळ व्यवहार. तो अवघड करून दाखवायचा मान आमच्या अंगदला जातो.

अंगद तेलगाव रोडवरच्या एका वजनकाट्यावर कामाला. कापसाची गाडी आली की ती भरलेली तोलायची, जिनिंगमध्ये खाली होऊन आली की रिकामी तोलायची, पावती फाडायची. दिवसभर तोलून तोलून त्याच्या स्वभावातच काटा उतरलेला. भाजी घेताना दोन वांगी दोन हातांत धरून बघणारा माणूस तो. बायको धनश्री म्हणायची, मला बघायला आलते तवा बी असंच दोन्ही डोळे बारीक करून बघितलं, मला वाटलं आता पावती फाडतेत.

असा माणूस हेडफोन घ्यायला निघाला तर काय होणार. त्याला हवा होता तो तारेचा, कानाच्या आत घट्ट बसणारा, तार कानावरून मागं वळवून घ्यायचा प्रकार. गाणेबजावणेवाले स्टेजवर घालतात तसला, पण गरिबाच्या खिशातला. मोबाईलवर असल्या हेडफोनची तुलना करणारी पोरं असतात, ती अंगदनं सगळी पालथी घातली. कुणी म्हणे ह्याचा ढोल दणदणीत पण आवाज मागं पडतो, कुणी म्हणे त्याचा आवाज स्वच्छ पण वरचे सूर कानाला टोचतात. एक पोरगं तर रेघांचा आलेख काढून दाखवायचं, कुठं चढ, कुठं उतार. अंगद तो आलेख तलाठ्याच्या नकाशासारखा मोठा करून करून बघायचा. उत्तरेश्वर म्हणायचा, बे, एवढं बघून तर लोक जमीन घेतेत.

सगळ्यांना वाटायचं, हौस हाय. हौस होतीच. पण हौसेला कुणी असा घामाघूम होत नाही.

खरी गोष्ट अंगदनं कुणालाच सांगितली नव्हती. त्याच्याकडं एक जुनं लोकगीत होतं, कॅसेटवरून मोबाईलमध्ये घेतलेलं. त्या काळी रेकॉर्डिंग करणाऱ्यानं काय डोकं लावलं होतं देव जाणे, ढोलकी सगळी उजवीकडं आणि तुणतुणं सगळं डावीकडं. गाणारा मधोमध. अंगद हे गाणं पोरवयापासून ऐकत आलेला, त्याला त्यातला गाणाऱ्याचा श्वाससुद्धा पाठ. कापसाचा हंगाम सुरू झाला त्या सुमारास, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत, काट्याच्या केबिनमध्ये बसून तो ते ऐकत होता, आणि तुणतुणं आलंच नाही. म्हणजे होतं, पण शेजारच्या गल्लीत कुणी वाजवावं तसं. ढोलकी इकडं कडकडत होती आणि डावीकडं नुसती चुळबुळ.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, हेडफोन गेला. अंगदच्या मनात पहिली गोष्ट आली ती तात्याची.

तात्या म्हणजे त्याचा बाप, तात्याबा. अख्खं आयुष्य शेळ्या-मेंढ्यांमागं गेलेलं. पुढच्या बोकडाच्या गळ्यातली घंटी ऐकून कळप कुठल्या ओढ्याला लागला ते सांगणारा माणूस. त्याचाही आधी डावा कान गेला. घंटी डाव्या अंगाला असली की त्याला कळप सापडेना. मग काही दिवस बरं वाटायचं, काही दिवस नाही, आणि असं करता करता उजवाही बसला. आता उजव्या कानाजवळ तोंड नेऊन ओरडलं तर अर्धंमुर्धं पोचायचं. तात्याचं तेव्हाचं वय आणि अंगदचं आत्ताचं वय यात फार अंतर राहिलेलं नव्हतं.

बहिरेपणाला अंगद तेवढा भीत नव्हता. भीत होता तो ओट्याला. तात्या दिवसभर ओट्यावर बसायचा. आल्यागेल्यानं आधी आधी ओरडून ओरडून बोलून बघितलं, मग हातवारे केले, मग नुसती मान हलवायला लागले, मग तेही बंद. घरातली माणसंसुद्धा तात्याच्या समोर तात्याविषयी बोलायची, तो गावाला गेल्यासारखी. शेवटच्या शेळ्या विकायचं ठरलं तेव्हा तात्या त्याच पंगतीत भाकरी कुस्करत बसलेला होता. ठरवणारा अंगदच. त्यानं बापाला विचारलं नाही, कारण विचारायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडायचं म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जायचं. सकाळी शेळ्या टेम्पोत चढताना तात्यानं बघितल्या तेव्हा त्याला कळलं. तो काही बोलला नाही. त्या वेळी अंगदला ते सोयीचं वाटलं होतं.

आता मात्र त्याला रोज त्या ओट्यावर स्वतःच बसलेला दिसायला लागला. आणि धनश्री कुणाला तरी सांगतेय, ह्यांना न्हाई ऐकू येत, तुमी बोला.

म्हणून त्यानं ठरवून टाकलं की हेडफोनच वाईट आहे. माणसाला भीती वाटली की तो असा एकदम जाणकार होतो. जुना बाजूला टाकला, रिव्ह्यू बघून दुसरा घेतला, ढोल दणदणीत म्हणून सांगितलेला. पहिल्या दिवशी तुणतुणं असं लख्ख वाजलं की अंगदनं एका ट्रॅक्टरवाल्याला विनाकारण चहा पाजला. चार-पाच दिवसांत डावी बाजू पुन्हा मंद. मग त्याला वाटलं, कानात जाणाऱ्या बोंडांच्या रबरी टोप्या बरोबर बसत नसतील. डबीत लहान, मधली, मोठी अशा तीन मापाच्या टोप्या आलेल्या, त्या सगळ्या आलटून पालटून झाल्या. मोठी घातली तर कान आणखी दुखायला लागला, लहान घातली तर तोल जाऊन बाहेर. तुणतुणं काही जवळ येईना.

हा नवा हेडफोन घट्ट बसून पहिल्याच दिवशी कान दुखला होता, तेवढं मात्र त्यानं तेव्हाच आईला सांगितलं होतं. ऐकू कमी येतंय असं नाही म्हणाला, ठणकतोय म्हणाला. ताराबाईंना तेवढं पुरे होतं. त्यांच्याकडं कानाचं एकच औषध. पळीत गोडं तेल घ्यायचं, लसणाची पाकळी नि चिमूटभर ओवा टाकून चुलीवर काळं होईस्तोवर कढवायचं, कोमट झालं की कानात सोडायचं, वर कापसाचा बोळा. रोज सकाळी आंघोळीआधी अंगद बाजेवर उजव्या कुशीवर पडायचा आणि ताराबाई पळी घेऊन यायच्या. तात्याच्याही कानात त्या कित्येक वर्षं अशाच घालत आल्या होत्या.

"ह्यांचं बी असंच व्हायचं," पळी वाकवता वाकवता ताराबाई सहज म्हणाल्या, "चार दिस बरं, चार दिस न्हाई."

मी फक्त ठणकतोय म्हणालो होतो, हे अंगदच्या लक्षात आलं.

त्या दिवसापासून त्याला सगळीकडं पुरावे दिसायला लागले. धनश्री स्वयंपाकघरातून काही बोलली आणि त्याच्या तोंडून "काय?" निघालं की तो पुरावा. काट्यावर ड्रायव्हरनं डावीकडून हाक मारली आणि पहिल्या हाकेला कळलं नाही, पुरावा. तिथं मागं जिनिंग धडधडत असायचं, अख्ख्या रस्त्याला कुणाची पहिली हाक ऐकू जात नाही, पण हे कुणी सांगायचं. केबिनमध्ये एकटा असला की तो कानाजवळ बोटं घासून बघायचा. उजवीकडं खसखस ऐकू यायची, डावीकडं कमी. यायचीच कमी. कानात तेलाचं डबकं घेऊन बसलेल्या माणसाला आणखी काय ऐकू येणार. पण तो विचार त्याच्या मनाला शिवला नाही, उलट तो ताराबाईंना म्हणाला, आई, जरा जास्त सोडत जा.

मोबाईलवर कान तपासायचं एक साधनही त्याला सापडलं. बारीक शिटी वाजते, ऐकू आली की बोट दाबायचं, शेवटी तुमचे कान कितपत शाबूत ते सांगतं. अंगदनं ते सुरू केलं, दोन शिट्यांना बोट दाबलं, आणि पुढची यायच्या आत बंद करून टाकलं. न कळलेलं बरं.

आता यातली गंमत अशी की उत्तर त्याच्या रोजच्या कामातच पडलेलं होतं. काटा कधीकधी एका अंगाला खोटं बोलतो. शेतकऱ्याला वजनाची शंका आली की अंगदच त्याला सांगायचा, मामा, भांडू नका, गाडी उतरवा, फिरवून उलट्या तोंडानं घ्या. दोन्हीकडून वजन तेच आलं की काटा खरा. हे तो दिवसाआड कुणाला ना कुणाला करून दाखवायचा. हेडफोनचंही तसंच होतं. डावं बोंड उजव्या कानात, उजवं डाव्या कानात, की खोट कुणाची ते तिथल्या तिथं कळलं असतं. ही युक्ती अंगदला सुचली नव्हती असं नाही. पहिल्याच दिवशी सुचली होती. दोनदा त्यानं बोंडं हातात घेऊन फिरवलीसुद्धा, आणि कानापर्यंत नेऊन पुन्हा सरळ घातली. हेडफोन वाईट निघाला तर नवा घेता येतो. कान वाईट निघाला तर काय.

तिसरा हेडफोन आला तेव्हा धनश्रीनं विचारलं, कान किती हायेत नेमके. हा स्वच्छ आवाजाचा, वरचे सूर टोचणारा. अंगदनं मुद्दाम टोचणारा घेतला होता, म्हणजे तुणतुणं निदान टोचेल तरी. तेही चार दिवस टोचलं आणि मग विझत गेलं. पहिले दिवस बरे, मग मंद. चार दिस बरं, चार दिस न्हाई. ताराबाईंचं वाक्य त्याला पावतीवर छापल्यासारखं दिसायला लागलं. त्याचं जेवण कमी झालं. पंगतीला तो डावीकडच्या भिंतीला टेकून बसायला लागला, म्हणजे सगळी माणसं उजवीकडं यावीत. बोलणाऱ्यासमोर तोंड डावीकडं वळवून उजवा कान पुढं करायची खोड त्याला कधी लागली, त्यालाही कळलं नाही.

मग एका सुट्टीच्या दुपारी धनश्रीच्या बहिणीनं, अंजलीनं, आवाज भरून पाठवलेला एक लांबलचक निरोप आला. बहिणींचे निरोप सासूच्या कानावर जायचे नसतात, म्हणून धनश्रीनं खुंटीवरचा तिसरा हेडफोन घेतला. तिला डावं-उजवं काही ठाऊक नाही. बोंडावर बारीक अक्षर असतं हेही तिला माहीत नव्हतं. तार गळ्यातल्या पोतीत अडकवून तिनं हाताला येईल ते बोंड येईल त्या कानात कोंबलं आणि तोंड वाकडं केलं.

"अहो, ह्या कानातलं वाजंना."

अंगद बाजेवर उठून बसला. कोणत्या, त्यानं विचारलं. धनश्रीनं उजव्या कानाला हात लावला.

तो जवळ गेला. तिच्या उजव्या कानात डावं बोंड होतं.

"तुला उजव्या कानानं ऐकू येतंय ना नीट?" त्यानं विचारलं.

"माझ्या कानाला काय धाड भरलीय? तुमच्या ह्याला भरलीय."

त्यानं तिच्या कानातलं बोंड ओढून घेतलं. निरोप अर्धाच राहिला म्हणून ती काय काय बोलली ते इथं लिहीत नाही. अंगदनं गाणं लावलं, आणि गाडी फिरवून काट्यावर घ्यावी तसा हेडफोन उलटा करून घातला. घाईत बोंड आधी गालाला लागलं. ढोलकी डाव्या कानात कडाडली. अशी कडाडली की तो दचकला. तेल होतं, बोळा नुकताच काढलेला, तरीही. आणि मंद तुणतुणं आता उजवीकडं गेलं होतं. चांगल्या, धडधाकट उजव्या कानातही ते शेजारच्या गल्लीतच वाजत होतं.

तो भिंतीला टेकून बसला. धनश्रीनं विचारलं, रडताव का काय. तो म्हणाला, न्हाई, तेल उतरलंय डोळ्यात.

पण काट्यावरचा माणूस, त्याचं समाधान एवढ्यानं होईना. एक हेडफोन बिघडेल. तिन्ही कसे बिघडतील, आणि तिन्ही डावीकडूनच? कान चांगला आहे म्हणावं तर हा कान हेडफोन खातो की काय. सुटकेचा श्वास अर्ध्यात ठेवून तो तिन्ही खिशात कोंबून स्टँडवर गेला.

उत्तरेश्वरनं पहिला घेतला, तार चाचपली आणि ती कुठं चेपलीय ते बोटानं दाखवलं. खुर्चीच्या चाकाखाली घेतलीस बे, हे माझ्या बापाला बी कळंल, म्हणाला. मग दुसरा घेतला. बोंडाचं रबर काढलं की आत बारीक जाळी असते, आवाज तिच्यातून येतो. त्यानं मोबाईलचा उजेड जाळीवर मारला, डोळा लावला, मग नाकाजवळ नेला. तिसराही हुंगला. दुकानात बसलेल्या गहिनीनाथ रिक्षावाल्याला हुंगायला दिला. गहिनीनाथनं डोळे मिटून विचार केला आणि म्हणाला, लसूण.

उत्तरेश्वर अंगदकडं वळला.

"बे अंगद्या," तो म्हणाला, "हेडफोनला फोडणी कावून दिलीस?"

दोघं हसून हसून काउंटरवर आडवे झाले. जाळीवर तेलाचं नि ओव्याचं कीट बसून ती पार बुजली होती. रोज सकाळी तेल, दिवसा त्याच कानात बोंड. नवा हेडफोन चार दिवस वाजायचा तो जाळी बुजेस्तोवर. मग अंगदला कान गेल्यासारखा वाटायचा, मग तो आणखी तेल घालून घ्यायचा, मग जाळी आणखी बुजायची. उत्तरेश्वरनं ब्रशानं नि कसल्याशा औषधाच्या थेंबानं जाळी पुसली, फुंकर मारली, आणि अंगदच्या डाव्या कानात तुणतुणं परत आलं. अंगद हसला खरा, सगळ्यांत शेवटी. फोडणीची गोष्ट दिवेलागणीच्या आत तेलगावपर्यंत पोचणार हे त्याला दिसत होतं, पण त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

रस्त्यानं येताना मात्र त्याचं हसू हळूहळू उतरलं. घरी आला तर ताराबाई नेहमीप्रमाणे तात्यासाठी पळी तापवत होत्या. तात्याचं तेल संध्याकाळी असायचं. अंगदनं त्यांना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. हातातली पळी त्यांनी चुलीच्या कडेला ठेवली.

"मंग ह्यांच्या कानात बी मी रोज घालतेच की."

एवढंच बोलल्या. अंगदलाही तेवढंच सुचलं होतं. तात्याचा कान तेलानं गेला असं कुणी म्हणू शकत नव्हतं, तेल तर कान बिघडल्यावर सुरू झालेलं. पण आत किती कान गेलाय आणि किती नुसतं बुजलंय हे कुणाला ठाऊक? इतक्या वर्षांत कुणी कानाच्या डॉक्टरला दाखवलंच नव्हतं. वय झालं, असं ठरवून सगळे मोकळे झाले होते. अंगदनं स्वतःच्या एका कानासाठी लागोपाठ दोन नवे हेडफोन घेतले, आणि बापाच्या दोन कानांसाठी बीडची एक एसटी घेतली नाही.

तो ओट्यावर गेला. नेहमी लोक बसतात तसं शेजारी न बसता समोर उकिडवा बसला. उजव्या कानाजवळ तोंड नेऊन, हातानं कान आणि बीडचा रस्ता दाखवून त्यानं सांगितलं, उद्या डॉक्टरकडं जायचं. तात्यानं त्याच्याकडं निरखून बघितलं.

"तुझा कान गेला का?" तात्यानं विचारलं.

अंगदनं मान हलवली, न्हाई.

"बरं झालं," तात्या म्हणाला. "मान वाकडी करून बसायला लागलता तू. उजवा कान म्होरं. मी बी आधी तसाच बसायचो. म्हणलं, आता आपण दोघं बसू हितं."

घरात कुणाला दिसलं नव्हतं ते ह्या माणसाला दिसलं होतं. अंगदनं हातानंच विचारलं, मग बोलला कावून न्हाईस.

"बोलून काय," तात्या म्हणाला, "तुला ऐकू आलं आसतं का?"

सकाळी दोघं बीडच्या गाडीत बसले. तात्याला खिडकी दिली, अंगद त्याच्या उजव्या बाजूला. डॉक्टर काय सांगेल याची धास्ती होतीच, ती काही तुणतुण्याबरोबर गेली नव्हती. पुसलेला हेडफोन अंगदच्या खिशात होता. गाडी सुटल्यावर सवयीनं हात तिकडं गेला आणि तसाच बाहेर आला. रस्त्याकडेला एक कळप थांबला होता. तात्या मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

अंगद त्याच्या कानाशी वाकला आणि त्यानं ओरडून विचारलं, तात्या, शेळ्या विकायच्या नव्हत्या का तुला?

गाडीतली दोन-चार माणसं वळून बघायला लागली.

"आँ?" तात्या म्हणाला.

अंगदनं पुन्हा विचारलं, सावकाश, तोंडासमोर तोंड आणून.